चेप

सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या आमच्या चाळीत त्या उन्हाळ्यात एकामागून एकाला गळवं यायला लागली, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या चाळीची नजर माझ्या कोपरांवर येऊन थांबली.

मी तिथे खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे आमच्या दोन खोल्यांतली पुढची खोली. भिंतीकडेने सतरंज्या अंथरलेल्या, आणि त्यांवर धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेली, धाग्याच्या कंपन्यांत शिफ्टवर राबणारी माणसं. घरच्या चवीची शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळते म्हणून ती येत. सगळे मला मावशी म्हणत. माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. माझे यजमानही अशाच एका कंपनीत मशिनवर होते. मी बारावी सायन्स झालेली. त्याचा खानावळीत काही उपयोग नव्हता. पण कुणी काही सांगितलं की ते लगेच खरं मानायचं नाही, एवढी खोड मात्र मला होती. ती शाळेने लावली की सासरने, ते माहीत नाही.

कोपरांचं असं झालं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मला घसा धरून जबर ताप आला. ताप गेला आणि अंगावर लाल ठिपके उठले. ठिपके बरेचसे मावळले, पण कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात केसांखाली चट्टे राहिले ते राहिलेच. लाल, जाडसर, आणि वर चांदीच्या वर्खासारखा पापुद्रा. खाजवलं की पीठ गळल्यासारखा भुगा पडायचा. आणि मी तर दिवसभर पिठातच हात घालणारी बाई. नाक्यावरच्या डॉक्टरने अ‍ॅलर्जी म्हणून इंजेक्शन दिलं, सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला पाठवला. आई फोनवर दर वेळी एकच विचारायची, "कोड तर नही ना वो माय?" मी मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. एप्रिलच्या उकाड्यात चुलीपुढे ते घालून बसायची. घामाने पाठ निथळायची, पण बाही वर करायची नाही.

शेजारच्या खोलीत नंदुरबारकडचं जोडपं राहायचं. तिचा नवरा माझ्या यजमानांच्या कंपनीत, म्हणून ती मला वहिनी म्हणायची. ती पॅकिंगला फर्स्ट शिफ्टला जायची, आणि तिची दीड वर्षांची मुलगी दुपारपर्यंत माझ्याकडे असायची. पोरीला तान्हेपणापासून इसब होता. गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या वळणांत कातडी कोरडी पडून लाल व्हायची, आणि ती खाजवून खाजवून रडायची. माझे चट्टे कोपराच्या बाहेरच्या बाजूला, तिचे आतल्या. मी तिला मांडीवर घेऊन म्हणायची, आपल्या दोघींचं मिळून एक अख्खं कोपर खराब. तिला काही कळायचं नाही, पण ती हसायची. दुपारी मी तिच्या अंगाला खोबरेल लावायची, तेव्हा ती गप्प पडून राहायची.

पहिलं गळू एका ऑपरेटरच्या मानेवर आलं. मग त्याच्या खोलीतल्या दुसऱ्याच्या मांडीवर. मग पलीकडच्या खोलीत दोघांना. त्या खोल्यांत सहा-सहा जण राहायचे. एक शिफ्टवरून येऊन अंग टाकायचा तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावरून उठून कामाला जायचा. गादी कधी गार व्हायची नाही. दाराआड एक खिळा आणि खिळ्यावर ओले टॉवेल, एकावर एक. मी डबे द्यायला जायची तेव्हा ते बघायची. पण त्या खिळ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

एके दिवशी वाढताना माझी बाही भाताच्या पातेल्याला लागून वर सरकली.

"मावशी, हाताले काय जयं?" मानेवर पट्टी लावलेल्या ऑपरेटरने विचारलं.

"भाजलं," मी म्हटलं.

त्याने ताटातली भाकरी उलटी केली, खालची बाजू बघितली, आणि मग घास मोडला. दोन्ही कोपरं एकसारखी कशी भाजतील, हा विचार त्याच्या डोक्यात आला असणार. माझ्याही आला, पण शब्द तोंडातून गेला होता.

त्यानंतर जेवायला येणारे कमी होऊ लागले. एकजण म्हणाला, "कंपनीत कॅन्टीन चालू झालंय मावशी." मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "कसलं कॅन्टीन? चहाचं मशीनसुद्धा बंद आहे." मग मी लक्ष ठेवायला लागले. कोण ताट घेतल्यावर ते नळाखाली पुन्हा विसळतो. कोण लोणचं माझ्या हातून न घेता बरणी पुढे करा म्हणतो. कोण भाकरी नको, नुसता भातच द्या म्हणतो. ते माझे हात बघत होते आणि मी त्यांच्या माना बघत होते. कुणाची कॉलर वर आहे, कोण बसताना एका बाजूला कलतो. सगळं बघून मी मनाशी ठरवायची, हा बोलला असेल, हा नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायची.

घरमालकीण तिथलीच, गुजराती बोलणारी. एरवी महिन्यातून एकदा यायची, ती त्या आठवड्यात दोनदा आली आणि दोन्ही वेळा दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"बेन, आ चेप तो नथी ने?" तिने विचारलं.

चेप म्हणजे लागण. शब्द तिचा, पण नंतर तो सगळ्या चाळीने उचलला. मराठी माणसंही म्हणायची, चेप पसरलाय. नळावर मी गेले की तो शब्द अर्ध्यात थांबायचा.

मी तिला म्हटलं, "नाही. मला लग्नापासून आहे हे. इतकी वर्षं कुणाला लागलं?"

"पण आ वरस लाग्यो ने," ती म्हणाली. म्हणजे या वर्षी तर लागला ना.

घरातही तेच. एका सकाळी कपडे वाळत घालताना मला यजमानांचा टॉवेल दिसेना. शोधला तर तो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराला वेगळा टांगलेला.

"हा इथे का?"

"असाच. कंपनीत सगळे सांगतात, टॉवेल वेगळा ठेवावा."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे," ते म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले. माणूस वाईट नव्हता. माझ्या डोक्यातले चट्टे खवखवले की आपणहून तेल लावून द्यायचे. पण आता मला त्या तेल लावण्याचाही संशय यायला लागला. मागच्या खेपेला त्यांनी नंतर हात साबणाने धुतले होते का? धुतले होते. पण तेलाचे हात कोण धूत नाही?

मग पोरीचं झालं. एका दुपारी तिच्या गालावरचा चट्टा ओलसर झाला. दुसऱ्या दिवशी त्यावर मधाच्या रंगाची खपली धरली. तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागेही तसंच, आणि अंग गरम. शेजारीण शिफ्टवरून आली, पोरीचं तोंड बघितलं आणि तिला माझ्या मांडीवरून उचललं. तिच्या उचलण्यातच मला कळलं.

"वहिनी, उद्यापासून तिला नाही आणणार."

"मग ठेवशील कुणाकडे?"

"रजा टाकते."

"माझ्यामुळे झालं असं वाटतं तुला?"

ती पोरीचा फ्रॉक सारखा करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही रोज तिला तेल लावता. त्याच हातांनी."

मला ते फार लागलं. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात तिच्या घरातली पांढरी ट्यूब आली. मेडिकलवाल्याकडून आणलेली. ती लावली की पोरीची कातडी दोन दिवस दुधासारखी मऊ व्हायची आणि मग पहिल्याहून जास्त लाल. मी एकदा तिला सांगितलंही होतं, तेव्हा तिने ऐकलं नव्हतं. आता ते काढायची वेळ नव्हती, तरी मी काढलंच.

"आणि तू ती ट्यूब लावतेस ती?"

"ट्यूब मी वर्षभर लावतेय. गळवं आत्ता आलीत."

घरमालकिणीसारखंच बोलणं. मी म्हटलं, "चल, उद्या सिल्वासाला सरकारी दवाखान्यात जाऊ. दोघीही. डॉक्टर म्हणाले की माझ्यामुळे, तर खानावळ उद्याच बंद करते."

"डॉक्टर तुमच्या ओळखीचे निघाले तर?"

"तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी गेलो. रिक्षात ती पोरीला घेऊन कडेला बसली आणि आमच्या दोघींच्या मध्ये तिने पिशवी ठेवली. पिशवी पायाशी मावत होती.

त्वचेच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. बोलण्यावरून कोकणातली वाटली. ती मराठीत बोलायला लागली तशी शेजारणीने माझ्याकडे वळून बघितलं, जणू मीच तिला तिथे बसवून ठेवलं होतं. डॉक्टरणीने आधी पोरीला बघितलं. मग विचारलं, "घरी काय लावता?" शेजारणीने पदराआडून ट्यूब काढली. डॉक्टरणीने ती उलटसुलट केली आणि टेबलाच्या खणात टाकली.

"यात तीन औषधं एकत्र आहेत. त्यातलं एक लाली झटकन घालवतं, पण कातडी पातळ करतं. हे आजपासून बंद. आता हे वरून जे पिवळं धरलंय तो जंतूंचा संसर्ग आहे. इसबाच्या मुलांना होतो. बरा होईल."

शेजारीण म्हणाली, "मॅडम, हा आला कुठून ते सांगा. आमच्या चाळीत सगळ्यांना गळवं आलीत." आणि तिने मानेनेच मला दाखवलं. "यांना आधीपासून आहे."

डॉक्टरीण मला म्हणाली, "बाह्या वर करा."

परक्या माणसासमोर मी कित्येक वर्षांत बाही वर केली नव्हती. मी बटणं काढली. तिने माझं कोपर हातात धरलं, उघड्या बोटाने पापुद्रा खरवडून बघितला.

"हातमोजे नाही घातले तुम्ही," मी म्हटलं.

"कशाला? सोरायसिस आहे हा. कुणाला लागत नाही."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

या शंभर टक्क्यांनीच मला शंका आली. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. गरीब बाई दिसली की डॉक्टर गोड बोलतात, आणि मग चार गोळ्या लिहून वाटेला लावतात.

पण तिने पुढे जे विचारलं ते मी कधी मनात आणलं नव्हतं. "चाळीत सगळ्यांना गळवं आली म्हणता. तुम्हाला आलं?"

"नाही."

"या चट्ट्यांना भेगा पडतात. रक्त येत असेल. तुम्ही पाण्यात, पिठात हात घालता. तिथे कधी पू झाला?"

मी आठवून बघितलं. "नाही झाला."

शेजारीण माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला जे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ते वाटलंच नाही. गावात घरोघर चोरी व्हावी आणि एकाच घराची कडी शाबूत राहावी, तर लोक त्या घराकडे कसे बघतील, तसं तिचं बघणं होतं.

डॉक्टरणीने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या कातडीच्या पेशी स्वतःच अगदी बारीक बारीक प्रथिनं तयार करतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. जंतू आला की ती त्याच्या अंगाला चिकटतात आणि त्याच्या कवचाला भोकं पाडतात. घामात असतात, थुंकीत असतात, आतड्यातही असतात, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या. सोरायसिसच्या चट्ट्यात ती प्रमाणाबाहेर तयार होतात, म्हणून तिथे सहसा पू धरत नाही. इसबाच्या कातडीत नेमक्या गरजेच्या वेळी ती पुरेशी तयार होत नाहीत, आणि कातडीही कोरडी, फाटलेली. म्हणून जंतूला तिथे सहज शिरता येतं.

"म्हणजे यांच्यात जास्त आहे आणि माझ्या पोरीत कमी आहे?" शेजारणीने विचारलं. तिच्या आवाजात असं काही होतं की जणू मी पोरीच्या वाटचं काढून घेतलं होतं.

"तसंच काहीसं. पण एकाचं दुसऱ्याला जात नाही."

"मग वहिनींच्या हातून काही झालं नाही?"

"चट्ट्यांमुळे नाही," डॉक्टरीण म्हणाली.

ती नुसतं 'नाही' म्हणाली नाही, 'चट्ट्यांमुळे नाही' म्हणाली. मी ते पकडलं. शेजारणीनेही पकडलं असावं.

मग डॉक्टरणीने सांगितलं की हा जंतू धडधाकट माणसांच्या नाकात बिनबोभाट राहतो. पोरीला सारखं सारखं होऊ नये म्हणून तिला जवळ घेणाऱ्या सगळ्यांचं नाक तपासायचं. कापसाची लांब काडी नाकात फिरवून तिने आमच्या दोघींचा नमुना घेतला, आणि पोरीच्या बापाला दुसऱ्या दिवशी पाठवायला सांगितलं. निघताना तिने फोन काढला आणि विचारलं, "तुमच्या कोपराचा फोटो घेऊ? विद्यार्थ्यांना दाखवायला. चेहरा येणार नाही."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"कुठे फिरेल काय माहीत."

तिने फोन लगेच खिशात टाकला. समजावलं नाही, रागावलीही नाही. त्या बाईवर माझा थोडा विश्वास बसला तो तिथे.

पुढच्या खेपेला आम्ही निकालासाठी गेलो तेव्हा मी बाह्या आधीच दुमडून गेले होते. माझी खात्री होती की माझं नाक स्वच्छ निघणार, आणि ते मी चाळीत प्रत्येकाला ऐकवणार. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "तुम्हा दोघींच्या आणि हिच्या बाबांच्या, तिघांच्याही नाकात आहे."

पोरगी टेबलावरचा चिकटपट्टीचा गुंडाळा ओढत होती.

"माझ्या अंगात तर ती जंतू मारणारी प्रथिनं जास्त आहेत म्हणालात," मी म्हटलं.

"चट्ट्यांत. नाकात राहणाऱ्याला ती हुसकून लावतीलच असं नाही."

"मग कुणी कुणाला दिला?" शेजारणीने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. तिघांपैकी कुणाकडूनही पोरीला गेला असेल, किंवा चौथ्याच कुणाकडून. त्याच्या मागे लागू नका. तिघांनीही हे मलम नाकात लावा, टॉवेल वेगळे ठेवा, नखं कापा, आणि पोरीची कातडी कोरडी पडू देऊ नका."

परतताना रिक्षात शेजारीण म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडूनच आला असेल."

"किंवा तुझ्याकडून."

"मी आई आहे तिची."

"आईला नाक नसतं का?"

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. मग नरोली येईपर्यंत आम्ही दोघी आपापल्या बाजूचे कंपन्यांची फाटकं मोजल्यासारख्या बाहेर बघत राहिलो. मला स्वतःचाच राग येत होता. सुटका झाली होती आणि झालीही नव्हती. माझे चट्टे निर्दोष होते, पण मी होते की नाही ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिचंही तेच होतं, पण ते मला त्या वेळी दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खानावळीत बाह्या कोपरावर दुमडून वाढायला लागले. लपवलं म्हणूनच संशय आला, आता बघा काय बघायचं ते. मी सगळ्यांना सांगितलं, "याला सोरायसिस म्हणतात. लागत नाही. दवाखान्यात विचारून या. आणि गळवं येतायत ती तुमच्या खिळ्यावरच्या टॉवेलांची." काहींनी मान डोलावली. काही ताटात बघत राहिले. मानेवर गळू आलेला ऑपरेटर मात्र खरंच दवाखान्यात गेला, आणि आल्यावर त्याने आपल्या खोलीत प्रत्येकासाठी वेगळा खिळा ठोकला. त्याचं बघून पलीकडच्या खोलीतही ठोकले. उन्हाळा सरता सरता गळवं कमी झाली. ती खिळ्यांमुळे कमी झाली की हवा पालटली म्हणून, ते मी छातीठोक सांगणार नाही. कॅन्टीनचं सांगून गेलेला परत आला तेव्हा म्हणाला, "कॅन्टीन बंद पडलं मावशी."

"चालू कधी झालं होतं?" मी विचारलं. तो ताटाकडे बघून हसला आणि भाकरी मागितली.

पोरीच्या गालावरच्या खपल्या गळून पडल्या. तिच्या आईची रजा संपली. एका सकाळी ती पोरीला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली, दुसऱ्या हातात डॉक्टरणीने दिलेली मऊ क्रीमची बाटली.

"आजचा दिवस ठेवता का?"

"ठेवते."

"तेल नको. हे लावायचं. हात धुऊन."

"हात मी रोजच धुते."

"तरी धुवा."

मी तिच्यासमोर हात धुतले. नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत. ती शेवटपर्यंत बघत होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिला शिफ्टला जायचं होतं आणि पोरगी माझ्याकडे झेपावत होती. आजचा दिवस म्हणता म्हणता रोजचंच झालं. हात धुणंही रोजचंच झालं, आणि तिचं बघणंही.

माझ्या चट्ट्यांना डॉक्टरणीने मलम दिलं होतं. ते मी घरी आणून बरेच दिवस न उघडता ठेवलं. माझ्या मनात एक भलतंच घोळत होतं. चट्टे गेले तर ती प्रथिनंही जाणार. मग इतरांसारखं मलाही गळू आलं तर? शेवटी मी एक युक्ती केली. मलम फक्त डाव्या कोपराला लावायचं, उजवं तसंच पहाऱ्याला ठेवायचं. डावं कोपर हळूहळू सपाट झालं, गुलाबी झालं. मी रोज सकाळी ते उजेडात धरून कुठे फोड दिसतो का बघायची.

डॉक्टरणीने पुढच्या तपासणीला दोन्ही कोपरं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "हे काय?"

मी खरं ते सांगितलं. ती हसली, पण चेष्टेने नाही. म्हणाली, "सगळी नाही जाणार. चारचौघांत असतात तितकी राहतील. आणि जास्त असणं हे काही चांगलं नाही. ती प्रथिनं फार झाली की तुमच्याच मोडलेल्या पेशींच्या तुकड्यांना चिकटतात. मग शरीराला वाटतं, बाहेरचा शत्रू आत शिरला. ते लढायला लागतं. हा चट्टा म्हणजे ती लढाई आहे."

"शत्रू नसताना?"

"नसताना."

"मग शरीर नीट बघून का घेत नाही?"

"घेतलं असतं तर तुम्ही माझ्याकडे आला नसता," ती म्हणाली.

मी उजव्या कोपरालाही लावायला लागले. पूर्ण गेले नाहीत चट्टे. हिवाळ्यात येतात, उन्हाळ्यात विरळ होतात. डॉक्टरीण म्हणाली असंच चालणार. यजमानांना मी दोन्ही कोपरं दाखवली. ते म्हणाले, "मला माहीतच होतं लागत नाही ते."

दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याला सिल्वासाच्या पलीकडे राखोलीत नवी नोकरी लागली आणि ती मंडळी तिकडे राहायला गेली. जाताना आम्ही दोघी काही गळ्यात वगैरे पडलो नाही. पण हिवाळ्यात तिचा फोन आला. पोरीच्या वाढदिवसाला गावाकडून सासू आणि दीर-जावा येणार होते. "वहिनी, भरीत आणि भाकऱ्या तुम्हीच करा. माझ्याच्याने एवढ्यांचं होणार नाही."

मी गेले. दमणगंगेच्या बाजूला त्यांची खोली, मागे थोडी मोकळी जागा, तिथे चूल मांडली होती. वांगी भाजली, मिरच्या कुटल्या आणि भाकऱ्या थापायला बसले. थंडीमुळे कोपरं पुन्हा लाल झाली होती, पापुद्रा धरला होता. मी बाह्या वर केल्या होत्या. तिची सासू ओट्यावर बसून बघत होती. मग तिने सुनेला विचारलं, आवाज खाली करायची तिला गरज वाटली नाही.

"त्या बाईच्या हाताले काय शे?"

शेजारीण कोथिंबीर निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काही नही. त्यांच्या कातडीत औषध शे. जंतू मरतस."

"कातडीत औषध?"

"हो. मोठ्या डॉक्टरणीने सांगितलंय. आपल्यापेक्षा जास्त शे त्यांच्यात."

हे अर्धंच खरं होतं. पुढचं, लढाईचं, तिने ऐकलंच नव्हतं. मी सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने हे मनापासून म्हटलं, की एवढ्या पाहुण्यांच्या भाकऱ्या अडू नयेत म्हणून, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी बराच वेळ बघितलं. कोथिंबीर निवडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर काय दिसणार?

सासूबाई उठल्या, माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि परात आपल्याकडे ओढली. म्हणाल्या, "तू बाकीच्यांच्या कर. माझी मी करते."

"करा ना," मी म्हटलं, आणि सरकून जागा दिली.

पण चूल त्यांच्या ओळखीची नव्हती आणि जाळ मोठा झाला होता. त्यांची पहिली भाकरी काठाला फुटली, दुसरी तव्याला धरली. आतून हाका आल्या, ताटं मांडली आहेत म्हणून. वाढदिवसाची मुलगी नवा फ्रॉक घालून चुलीपाशी आली, माझ्या टोपलीतली एक भाकरी तिने ओढून घेतली आणि उभ्या उभ्या खायला लागली. तिच्या गालावर आता नुसता थंडीचा खडबडीतपणा होता. सासूबाई आपली करपलेली भाकरी हातात धरून नातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं. मी पुढची भाकरी तव्यावर टाकत होते. मी तिकडे मुद्दामच बघितलं नाही.